धाकल्याचा वाटा

पाडव्याच्या सकाळी शहागंजातून निघालो तेव्हा दुकानांची शटरं अजून अर्धीच वर गेली होती. खांद्याला कापडी पिशवी आणि छातीशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं पितळी ताट. पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, या वयात एका मेंढीसाठी कन्नडच्या पुढं जायचं म्हणजे काय?"

मी म्हटलं, "मेंढी माझी नाय. तुझ्या आईची आहे."

मग तो रिक्षा बघून देतो म्हणाला. मी चालतच स्टँडवर गेलो.

मी चौथी शिकलेला माणूस. उभा जन्म ताडपत्र्या शिवण्यात गेला. लिहिताना माझं वाक्य वाकडं गेलं तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं. जे घडलं ते मात्र मी जसंच्या तसं सांगणार.

बायको श्रावणात गेली. नाव द्वारका. तिचं माहेर कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडच्या एका वाडीत. मेंढरं राखणारं घर. आमच्याही आजोबांच्या मागं मेंढरं होती, बापानं ती सोडली आणि शहर धरलं. द्वारकाच्या माहेरी मात्र कळप अजून आहे, तिचा धाकटा भाऊ नामदेव तो राखतो. त्या घरची रीत अशी की मुलगी सासरी गेली तरी तिच्या नावाची एक मेंढी कळपात राहते. त्या मेंढीच्या गळ्यात लोकरीच्या दोऱ्यात ओवलेला निळा मणी असतो. ती म्हातारी झाली की मणी तिच्या पाठीला (तिच्या पोटच्या तरण्या मेंढीला). आणि दर भाऊबीजेला त्या मेंढीचं एक कोकरू घरच्या लेकीनं स्वतःच्या हातानं माळावर सोडून यायचं.

कोणासाठी, तर लांडग्यासाठी.

लग्न झाल्यापासून द्वारका हे दर साली करत आली. मी एकदाही तिच्याबरोबर गेलो नाही. दिवाळीत ऊसतोडीच्या कोप्यांना (झोपड्यांना) ताडपत्री लागते, माझा हंगाम तोच. परत आली की विचारायचो, "आला होता का तुझा लांडगा?" ती म्हणायची, "नाव घेऊ नका त्याचं. धाकला म्हणा." मी हसायचो.

यंदा नामदेवाचा फोन आला. म्हणाला, "दाजी, आक्का गेली. आता वाटा द्यायला घरची लेक नाय. मणी तसाच ठेवला अन् वाटा दिला नाय, तर धाकला त्याला वाटंल तेवढी मेंढरं नेईल. भाऊबीजेला या. मणी सोडतो अन् मेंढी तुमच्या हातात देतो."

म्हणजे कळपातून तिचं नाव उठणार. ते मी होऊ देणार नव्हतो. निघालो तो एवढ्याचसाठी.

आदल्या दिवशी नातीला हे सांगितलं तर तिनं मोबाईलवर एक चित्र दाखवलं. माणसाचं अंग, लांडग्याचं तोंड, वर गोल चंद्र. म्हणाली, "आबा, याला वेअरवुल्फ म्हणतात. पौर्णिमेला माणसाला केस फुटतात, दात वाढतात. तो ज्याला चावतो तोपण तसाच होतो. चांदीची गोळी लागली तरच मरतो." मी चित्र नीट पाहिलं. म्हटलं, "बाळा, हे दार लावून आत बसलेल्या माणसांनी रचलेलं आहे. मेंढरांमागं फिरणाऱ्यांनी नाय."

कन्नडच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी धोतर-कोट घातलेले एक गृहस्थ बसले. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, पूर्वी घराण्याकडे भिक्षुकी होती असं त्यांनी दौलताबाद येण्याआधीच सांगून टाकलं. किल्ला मागं पडला, खुलताबादच्या चढाला गाडी कण्हू लागली, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताटात काय आहे?"

"काही नाय. रिकामं आहे."

"मग एवढं धरून का बसलात?"

मी त्यांना मेंढीचं सांगितलं, लांडग्याचं सांगितलं. ते खुशीत आले. म्हणाले, "अहो, आपल्याकडेही आहेच की. भीमाला वृकोदर म्हणतात. वृक म्हणजे लांडगा. लांडग्यासारखं पोट असलेला."

"म्हणजे खादाड."

"तसं म्हणा हवं तर."

"मग शहरवाल्यांनी लांडग्याचं पोट पाहिलं," मी म्हटलं, "आमच्या लोकांनी त्याचा वाटा पाहिला."

त्यांनी मग डब्यातली एक चकली काढून माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, आमच्याकडं यंदा दुखवटा आहे, दिवाळीचं खात नाही. त्यांनी चकली परत ठेवली आणि स्वतःही खाल्ली नाही, डबा बंद केला. माणूस बरा होता. वेरूळला उतरले.

कन्नडला बाजार भरला होता. कांद्याच्या पाती, मिरच्यांचे ढीग, पणत्या, दोरखंड, म्हशीच्या गळ्यातले घुंगरू. तिथून काळीपिवळी जीप धरली. माणसं आत कमी आणि दाराला जास्त. ड्रायव्हरनं माझी पिशवी टपावर फेकली, ताट मी दिलं नाही. समोर कापूस वेचायला निघालेल्या दोन बाया बसल्या होत्या. कुठं चाललात विचारलं, वाडीचं नाव सांगितलं, तर थोरली म्हणाली, "त्या वाडीचे लोक लांडग्याला भाऊ म्हणत्यात."

"व्हय. मी त्या घरचा जावई आहे."

धाकटी पदरात हसली. "म्हणजी लांडगा तुमचा मेव्हणा लागला की वो."

"लागला खरा."

"मग दिवाळीचं काय आणलं मेव्हण्याला?"

सगळी जीप हसली. मीही हसलो. श्रावणानंतर मला हसू आलं ते तिथं. हसण्याच्या नादात फाट्यावर उतरलो आणि जीप घाटाकडं निघून गेली, टपावर माझी पिशवी घेऊन. आत दोन धोतरं, एक बंडी आणि रक्तदाबाच्या गोळ्या. ओरडून उपयोग नव्हता. ताट घेऊन चालू लागलो. पिशवी दुसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरनं फाट्यावरच्या चहावाल्याकडं आणून दिली, हेही सांगितलं पाहिजे. गोळ्यासुद्धा जशाच्या तशा होत्या.

वाडीच्या वाटेला पावसाळ्यानंतरचा माळ पसरला होता. गवत कमरेपर्यंत, शेंडे पिवळे पडू लागलेले. डाव्या हाताला कापसाची रानं पांढरी झालेली, लांब गौताळ्याच्या डोंगराची निळी रेघ. हा रस्ता द्वारका दर साली एकटी चालली. मला ते अंतर ठाऊकच नव्हतं. दीड तास लागला. गुडघे बोलायला लागले.

नामदेवाचं बिऱ्हाड वाडीबाहेर एका रानात उतरलेलं होतं. त्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, शेताला लेंडीखत मिळावं म्हणून. वाघूर (मेंढरं कोंडायची जाळी) लावायचं काम चाललं होतं. मला पाहताच नामदेवाची बायको रखमा हातातली खुंटी टाकून आली आणि गळा काढून रडली. आमच्याकडं तशी रीत आहे, मयतीनंतर घरचं माणूस पहिल्यांदा दारात आलं की रडायचं. मला मात्र काही रडू आलं नाही. श्रावणात आलं नव्हतं, तिथंही आलं नाही. मी ताट धरून उभा राहिलो.

नामदेव साठीचा, वाळका, डोक्याला लाल पटका. पाया पडला. म्हणाला, "दाजी, ताट कशाला आणलं? दुखवट्यात ओवाळणी नसती."

"ओवाळायला नाय आणलं. तिचं आहे म्हणून आणलं."

दिवेलागणीच्या आत जेवलो. बाजरीची भाकरी आणि येसर (डाळी-धान्य मसाल्यासकट भाजून केलेलं पीठ) घातलेली आमटी, वर कच्चा कांदा. रखमानं मेंढीच्या दुधाचा चहा दिला, तो घट्ट आणि जरा उग्र लागतो. जेवताना निळ्या मण्याची मेंढी दाखवली. काळ्या तोंडाची, कान लोंबते, पायाशी एक पांढरं कोकरू. मी हात लावायला गेलो तर दोन पावलं मागं सरली. आक्काच्या हाताला लगेच यायची, रखमा म्हणाली.

मी सरळ मुद्द्याला आलो. "नामदेव, मणी सोडायचा नाय. उद्या वाटा मी देतो."

"जावयाच्या हातचा चालत नाय, दाजी."

"का चालत नाय?"

"जावई परक्या घरचा. त्यानं दिलं तर ते दान झालं. धाकला दान घेत नाय, वाटा घेतो."

"मग माझ्या नातीला आणू?"

"ती तुमच्या घरची लेक. आमच्या नव्हं. मला दोन्ही पोरगेच हाईत."

"मग तू दे."

यावर तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "भाऊ देऊ शकला असता तर हे सगळं झालंच नसतं की."

मी म्हटलं, ती गोष्ट मी कधी नीट ऐकलेली नाही. द्वारका सांगायची तेव्हा माझं मशीन चालू असायचं. तेव्हा रखमानं सांगितली. चुलीपुढं बसून, भांडी घासत घासत, जशी काल घडली असावी तशी.

त्यांच्या मूळ घरात तीन भाऊ आणि एक बहीण. धाकला मेंढरं घेऊन गंगापूरकडं, गोदावरीच्या काठाला चारायला गेलेला. इकडं बाप मेला. थोरल्या दोघांनी त्याला कळवलंच नाही. म्हणाले, लांब आहे, कोण जाईल. दहावा उरकला, घर वाटून घेतलं, मेंढरं वाटून घेतली. धाकला दोन महिन्यांनी आला तो बापाला हाक मारतच अंगणात शिरला. भावांनी सांगितलं, बाप केव्हाच गेला. तो खाली बसला. मग म्हणाला, माझा वाटा? थोरला म्हणाला, तोंडात मावंल तेवढं घे अन् जा. धाकला उठला, कळपात गेला, खाली वाकला आणि एक कोकरू तोंडात धरलं. पुन्हा सरळ उभा राहिलाच नाही. तसाच चार पायांवर निघाला. बांधापर्यंत माणूस होता, बांधापलीकडं अंगावर केस होते. बहीण एकटी त्याच्या मागं पळाली. तिनं आपल्या मेंढीचं कोकरू दर साली द्यायचं कबूल केलं, तेव्हापासून हे चालू आहे.

"चावला-बिवला नाय का कोणाला?" मी विचारलं.

"भावाला कशाला चावंल," रखमा म्हणाली. "त्याला त्याचं पायजे, बास."

मला ती गोष्ट आवडली. शहाणपणाची वाटली. नातीच्या मोबाईलमधला माणूस चंद्राकडं बघून लांडगा होतो. हा भावांच्या तोंडाकडं बघून झाला.

पण गोष्ट आवडली म्हणून मी माझा हट्ट सोडला नाही. मी ठरवून टाकलं होतं. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी फटफटलं तसा उठलो. नामदेव ओढ्याला गेला होता, रखमा चूल पेटवत होती. मी वाघुरीतून ते पांढरं कोकरू उचललं आणि माळाकडं चालू लागलो. काळतोंडी मागून ओरडत होती. धुकं गवताच्या शेंड्यांवर टेकलेलं. एका बोरीच्या झुडपाशी गेलो, खिशातली सुतळी काढली आणि कोकराचा मागचा पाय झुडपाला बांधला. ताडपत्रीवाल्याची गाठ, सुटायची नाही. मग वीस-पंचवीस पावलं मागं येऊन एका दगडावर बसलो.

तो आला. मला वाटलं होतं मोठा असेल. कुत्र्यापेक्षा थोडा उंच, पाय लांब, अंग भुरं, बरगड्या दिसाव्यात इतका सडपातळ. गवतातून बाहेर पडला आणि थांबला. कोकराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग मागच्या पायांवर बसला. पुढं येईना, मागं जाईना. कोकरू ओरडत होतं आणि तो नुसता बसलेला. मला भीती वाटली नाही. राग आला. मनात म्हटलं, घे की, हिचं नाव राहू दे.

मागून धापा टाकत नामदेव आला. पाठोपाठ रखमा, हातात पाण्याची कळशी तशीच. नामदेवानं सुतळी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"दाजी, बांधलं तुम्ही?"

"पळालं असतं ना."

"बांधलेलं म्हणजी फास असतो. मारायला बसलेला माणूस बांधतो. वाटा मोकळा सोडायचा असतो, त्यानं नेला तर नेला. आयुष्यभर आक्काला विचारलं नाय व्हय तुम्ही, कसं देतीस म्हणून?"

नव्हतं विचारलं. मी खाली बसून गाठ सोडू लागलो. बोटं गारठलेली, गाठ माझीच घट्ट. सुटली तेव्हा कोकरू आईकडं उधळलं. लांडगा हलला नाही. त्याच्याकडं बघता बघता माझ्या डोक्यात रात्रीची गोष्ट फिरली. बाप मेला आणि त्याला कळवलं नाही.

मी विचारलं, "नामदेव, याला कोणी सांगितलं का?"

"काय?"

"आक्का गेली म्हणून."

नामदेव माझ्याकडं बघत राहिला. रखमानं कळशी खाली ठेवली.

"दहाव्याला सगळी भावकी बोलावली," मी म्हटलं. "गंगापूरचे आले, वैजापूरचे आले. याला कोण सांगायला आलं? दर साली हा बहिणीची वाट बघत इथं येतो. आणि आपण मणी सोडून मोकळे व्हायला निघालो. परत तेच केलं की आपण."

खरं सांगायचं तर मीही कोणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून सगळे फोन पोरानं केले होते. ते दोन शब्द माझ्या तोंडातून एकदाही निघाले नव्हते.

मी उठून उभा राहिलो. डोक्याची टोपी काढली. नामदेवानंही पटका काढून हातात घेतला. मी मोठ्यानं म्हटलं, "धाकल्या, द्वारका गेली. श्रावणात गेली. कावीळ झाली होती. तीन आठवडे अंथरुणाला होती. शेवटी शेवटी माहेरचं बोलायची. दिवाळीला जायचंय म्हणायची. तुला कळवायचं राहिलं, ती आमची चूक."

एवढं बोलून झालं. मग मी रडलो. उभ्या उभ्या, टोपी तोंडावर धरून, बराच वेळ. रखमानं मला हात धरून खाली बसवलं.

डोळे पुसून पाहिलं तेव्हा लांडगा उठला होता. वळला आणि गवतातून निघून गेला, सावकाश, मागं न बघता. लांडग्याला माणसाचं बोलणं कळतं का हे मला ठाऊक नाही. तीन माणसं उभी असताना तो पुढं येणार नाही, एवढं मलाही समजतं. पण नामदेवाला बोलणं कळतं, आणि ते त्यानं ऐकलं होतं.

रखमानं कळशी उचलली. लांडगा बसला होता तिथपर्यंत गेली आणि सगळं पाणी त्या गवतावर ओतलं. मृत्यूचा निरोप उशिरा आला तरी ऐकणाऱ्यानं अंघोळ करायची असते, ती तिनं त्याला घातली. परत येऊन नवऱ्याला म्हणाली, "त्याला सुतक लागलं. सुतकात कोणी वाटा घेतो व्हय?"

नामदेव म्हणाला, "पण वाटा चुकला तर—"

"चुकला कुठं? बहिणीचा दुखवटा हाय त्याला. वर्षभर सण नाय. जसा आपल्याला नाय तसा त्यालाबी नाय."

नामदेवानं पटका पुन्हा डोक्याला गुंडाळायला घेतला. दोन वेढे दिले, सोडले, परत दिले. मग म्हणाला, "वर्षापर्यंत मणी ऱ्हाईल. वर्षश्राद्ध झाल्यावर बघू."

"बघू," मी म्हटलं. "पण बघायला मी असणार."

"या की. फक्त सुतळी आणू नका."

त्या दिवशी बिऱ्हाडावर राहिलो. वाघूर सोडायला हात लावला, कोकरं उचलून आईला लावली. दुपारी काळतोंडी माझ्या हातातला पाला खाऊन गेली, अगदी जवळ येऊन. ताट मी रखमाला दिलं. ती नको म्हणाली, मग घेतलं आणि त्यातच पीठ मळायला बसली. मला ते पटलं. गुंडाळून ठेवण्यापेक्षा बरं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर पिशवी घेतली आणि परतीची गाडी धरली. येताना बाजूला कोणी बोलणारं नव्हतं, मलाही बोलायचं नव्हतं. खुलताबादचा उतार उतरताना विचार करत होतो. परदेशात माणसाचा लांडगा झाला की लोक गोळी शोधतात. इकडं त्याला भावकीत धरतात, त्याला सुतकाची अंघोळ घालतात. मी काही मोठा माणूस नाही, पण दोन्हींत शहाणं कोण, हे मला कोणी सांगायला नको.

स्टँडवर उतरलो तेव्हा दुपार टळली होती. घरी न जाता आधी शहागंजात गेलो. तिथं एक कासार चाचा आहेत. द्वारकाला लग्नापासून बांगड्या त्यांनीच भरल्या. श्रावणापासून मी त्यांच्या दुकानापुढून जायचं टाळत होतो, पलीकडच्या कडेनं जायचो. त्या दिवशी सरळ पायरी चढलो.

चाचांनी चष्म्यातून पाहिलं. "क्या मियाँ, बहोत दिनां हो गए. भाभी नई आए?"

"चाचा," मी म्हटलं, "द्वारका गेली. श्रावणात. तुम्हाला कळवायचं राहिलं."

त्यांनी हातातला बांगड्यांचा तोडा खाली ठेवला. गल्ल्यामागचं स्टूल पुढं सरकवलं. मी बसलो.

त्या संध्याकाळी अशी आणखी चार दारं केली.